कंसातला कान

काकांच्या कानात पहिल्यांदा शिट्टी वाजली तेव्हा त्यांनी धावत जाऊन गॅस बंद केला. बटाटे कच्चे राहिले. दुसऱ्या दिवशीही कच्चेच राहिले. तिसऱ्या दिवशी काकू कुकरशेजारी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अहो, याची शिट्टी अजून झालेली नाही. तुमची झाली असेल तर बाहेर जाऊन बसा."

काका बाहेर जाऊन बसले. शिट्टीही त्यांच्यासोबत बाहेर येऊन बसली.

काका शाळेची पुस्तकं छापणाऱ्या एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. म्हणजे, पुस्तक छापायला जाण्याआधी त्यातल्या चुका काढणारा माणूस. वसाहतीत त्यांना सगळे अनुस्वारकाका म्हणत, कारण फाटकावरच्या 'मुलानी खेळू नये' या पाटीवर त्यांनी स्टूल आणून, स्वतःच्या पेनाने, 'ला'च्या डोक्यावर टिंब दिलं होतं. मुलं पूर्वीही खेळत होती आणि नंतरही खेळत राहिली, पण आता ती शुद्ध भाषेतला नियम मोडत होती, याचं काकांना समाधान होतं.

कानाच्या डॉक्टरांनी दोन्ही कानांत उजेड पाडून पाहिलं, यंत्राने तपासलं आणि कान ठणठणीत असल्याचं सांगितलं. "याला कर्णनाद म्हणतात. आवाज बाहेर नसतोच, मेंदू तयार करतो. घाबरू नका. सवय करून घ्या."

कर्णनाद हा शब्द काकांना आवडला. शब्द शुद्ध होता, त्यात काढायला काही नव्हतं. पण नुसत्या नावाने शिट्टी थांबेना. आणि 'सवय करून घ्या' हा सल्ला देणाऱ्याला ती सवय कधी लावून घ्यावी लागलेली नसते, हेही त्यांच्या हळूहळू लक्षात आलं. झोप उडाली. पुस्तक वाचताना दोन अक्षरांच्या मधून ती शिट्टी बारीक सुतासारखी जायची आणि डोळे तिच्या मागे जायचे. एके दिवशी तिसरीच्या पुस्तकात 'राजाने प्रजेला दान दिले' याऐवजी 'राजाने प्रजेला कान दिले' असं छापायला चाललं होतं, आणि ते काकांच्या नजरेखालून सुटलं. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी ऐनवेळी पकडलं. बाई हसल्या. काका हसले नाहीत. आयुष्यभर लोकांच्या चुका पकडून मिळवलेली अब्रू एका 'का'ने घालवली असती.

वसाहतीत बातमी पसरली आणि सल्ल्यांना तोटा उरला नाही. समोरच्या दारातले बँकवाले म्हणाले, कोमट तेल. वरच्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, लसूण. एकाने नाक दाबून जोरात फुंकायला सांगितलं. काकांनी फुंकलं, तर शिट्टी राहिलीच, वर डोळ्यांसमोर काजवे चमकले. बँकवाल्यांचा तर जाता-येता एकच धोशा होता, "त्याकडे लक्षच देऊ नका. कशाकडे? शिट्टीकडे. काय, वाजतेय का आत्ता? नका लक्ष देऊ."

काकू मात्र सल्ले देत नव्हत्या. एका दुपारी त्यांनी काकांच्या कानाला आपला कान लावला आणि श्वास रोखून बराच वेळ ऐकलं.

"मला काहीच ऐकू येत नाही हो," त्या अपराधी आवाजात म्हणाल्या.

"ते बाहेर येतच नाही."

"मग तुमच्यासोबत ऐकणार कोण?" काकू विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "एवढी मोठी वसाहत. तुम्ही एकटेच कसे असाल? त्या फोनवर मांजरांचा गट आहे, कुंड्यांचा गट आहे. तुमचाही एक काढा की."

इथून खरी कथा सुरू होते, कारण वसाहतीच्या फोनजाळ्यावर गट काढणं म्हणजे खायचं काम नव्हतं.

पूर्वी होतं. पूर्वी कोणीही उठावं आणि गट काढावा अशी मोकळीक होती. त्या सुवर्णकाळात 'मांजरप्रेमी' हा गट निघाला. मग भांडण होऊन 'मांजरप्रेमी (मूळ)' निघाला. त्यानंतर 'खरे मांजरप्रेमी', 'मांजर नको' आणि शेवटी 'मांजर विषय सोडून सर्व' असा एक गट निघाला, ज्यात फक्त मांजरांवर चर्चा चाले. अखेर सचिवांनी सगळं एका फटक्यात पुसून टाकलं आणि गटमान्यता समिती स्थापन झाली. समितीच्या परवानगीशिवाय आता जाळ्यावर नवा गट निघू शकत नव्हता. समितीत तिघं होती. सचिव स्वतः, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले आणि वसाहतीचं जाळं सांभाळणारे गृहस्थ, ज्यांना सगळे जाळेवाले म्हणत, आणि अध्यक्षबाई, ज्या एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या आणि सभेत बहुधा विणकाम करत.

काका अर्ज घेऊन सचिवांकडे गेले. सचिवांच्या घरातली बैठकीची खोली हेच वसाहतीचं कार्यालय होतं. सोफ्याच्या एका टोकाला फायली बसत आणि दुसऱ्या टोकाला अर्जदार.

"गटाचं प्रयोजन?" सचिवांनी विचारलं.

"कानात आवाज येणाऱ्यांनी एकमेकांशी बोलावं."

"त्यांना ऐकू येतं का?"

"येतं. जरा जास्तच येतं."

"आरोग्य नावाचा गट आहेच की आपला."

"तिथे विचारलं होतं. तीन जणांनी तेल सांगितलं आणि एकाने गुडघ्याचा पट्टा विकत घेता का म्हणून विचारलं."

सचिवांनी अर्ज डोळ्यांपासून लांब धरून वाचला. "कर्णनाद. नाही, हे चालणार नाही. हे गाण्याबजावण्याचं वाटतं. गाणाऱ्यांना आम्ही आत्ता कुठे तळघरात पाठवलंय, नावाला भुलून पुन्हा वर येतील. लोकांना कळेल असं काहीतरी द्या."

काका घरी आले. 'कानातला आवाज' दिलं, तर जाळेवाल्यांनी शेरा मारला की आमचे गट वर्णानुक्रमे लागतात आणि 'क'मध्ये 'कचरा' अगोदरच आहे, तिथे गर्दी होते. 'नाद' दिलं, तर सचिवांनी विचारलं, कसला नाद? लागलेला नाद चांगला असतो का? अर्ज परत, दुरुस्ती, पुन्हा अर्ज. शेवटी 'आवाज (कानातला)' यावर तडजोड झाली. अध्यक्षबाईंनी विणकामाच्या सुया बाजूला ठेवून सही केली, आणि काकूंनी त्या दिवशी गोड केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोनवर गट उघडला. नाव होतं, 'आवाज'.

काका चपला न घालताच जाळेवाल्यांकडे गेले. "अहो, कंस कुठे गेला?"

"यंत्र कंस घेत नाही," जाळेवाले शांतपणे म्हणाले. ते नेहमीच शांत असत. "कंस दिसला की पुढचं सगळं तोडतं."

"पण कंसात माझा कान होता!"

"मुख्य शब्द राहिलाय ना? नाव बदलायचं तर नव्याने अर्ज करावा लागेल."

नव्याने अर्ज करायला वेळच मिळाला नाही. काका घरी पोचेपर्यंत गटात अर्धी वसाहत शिरली होती. दुसऱ्या मजल्यावरचे लोक खुर्च्या ओढतात. कोपऱ्यातल्या घरात भर दुपारी भिंत फोडतात. अमक्यांचा कुत्रा अमुक वेळेला भुंकतो आणि तमुक वेळेला रडतो, आणि रडतो ते जास्त वाईट. वर्षानुवर्षं पोटात साठवलेला आवाज लोकांनी एका सकाळी बाहेर काढला.

काकांनी नम्रपणे लिहिलं, 'कृपया नोंद घ्यावी. हा गट कानात येणाऱ्या आवाजासाठी आहे.'

लगेच उत्तर आलं, 'माझ्याही कानातच येतो. वरच्या मजल्यावरून.'

त्याखाली दुसऱ्याने लिहिलं, 'आवाज कानातच येणार, नाकात येणार का?' या वाक्याला जितके अंगठे मिळाले तितके वसाहतीच्या इतिहासात कोणत्याही वाक्याला मिळाले नव्हते.

आणि काका गटप्रमुख! नियमच तसा होता, ज्याचा अर्ज त्याच्या गळ्यात घंटा. लोक दार वाजवून येऊ लागले. एक गृहस्थ शेजाऱ्याचं घोरणं फोनवर टिपून घेऊन आले आणि त्यांनी सोफ्यावर बसून काकांना ते पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकवलं. "तुम्हीच सांगा, हे माणसाचं आहे का?" काकांना खरं सांगायचं तर ते घोरणं बरं वाटत होतं, कारण तेवढा वेळ शिट्टी मागे पडली होती. त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं. गृहस्थ संशयाने बघत निघून गेले.

त्यात काकांचा स्वभाव आडवा आला. तक्रारींतलं अशुद्ध त्यांना पाहवेना. कोणीतरी पोटतिडकीने लिहिलं की मशिनचा आवाज थांबवा नाहीतर परिणाम वाइट होतील, तर काकांनी खाली लिहिलं, 'वाईट. ई दीर्घ.' त्या माणसाला वाटलं, काका धमकी देतायत.

तरी इथवर प्रकरण घरगुती होतं. पण वसाहतीच्या निवडणुका तोंडावर आल्या होत्या, आणि समितीच्या विरोधकांना एक शोध लागला. जाळ्यावरचा सर्वांत मोठा गट कोणता? आवाज. त्याचा प्रमुख कोण? एक सज्जन, निरुपद्रवी, शुद्ध लिहिणारा माणूस. एका सकाळी फाटकावर कागद चिकटला होता: 'आवाज उठवा, समिती हटवा!' खाली लिहिलं होतं, 'आवाज गटातर्फे.' काकांनी सवयीने तो तपासला. एकही चूक नव्हती, आणि त्यामुळे सगळ्यांना खात्रीच पटली की तो काकांनीच लिहिला.

सचिवांनी त्यांना बोलावून घेतलं. या खेपेला सोफ्यावरच्या फायली अर्जदाराच्या टोकापर्यंत पसरल्या होत्या, त्यामुळे काका उभेच राहिले.

"आम्ही कानासाठी परवानगी दिली आणि तुम्ही तोंड उघडलंत," सचिव म्हणाले. ते खरोखर दुखावले होते. "सकाळी उठून पाण्याच्या टाकीपासून जिन्यातल्या दिव्यापर्यंत मी बघतो. मला हटवा म्हणता?"

"अहो, मला फक्त झोप हवी होती," काका म्हणाले.

सचिवांना तेही टोमण्यासारखं वाटलं. गट गोठवण्यात आला आणि खास सभा बोलावण्यात आली.

सभेला इतकी माणसं कधीच आली नव्हती. तळमजल्यावरच्या दालनात खुर्च्या पुरेनात. विरोधकांचे म्होरके होते बँकवाले. तेल सांगणारे, तेच. त्यांनी उभं राहून सरळ मुद्द्याला हात घातला. "जाळं सगळ्यांचं. वर्गणी सगळ्यांची. मग त्यावर कोणी कशावर बोलायचं हे तिघांनी का ठरवायचं?"

"मग कोणी ठरवायचं?" सचिव म्हणाले.

"ज्याला बोलायचंय त्याने!"

"म्हणजे पुन्हा मांजरं," सचिव म्हणाले, आणि सभेतून एक शहारा गेला.

जाळेवाले शांतपणे म्हणाले, "प्रत्येकाला गट दिला तर जितकी माणसं तितके गट होतील. प्रत्येक गटात एक माणूस, आणि तो स्वतःशीच बोलणार. त्याला जाळं कशाला लागतं?"

"पण समितीला तरी मान्यता कोणी दिली?" बँकवाल्यांनी बोट रोखलं.

सचिवांनी जाळेवाल्यांकडे पाहिलं, जाळेवाल्यांनी अध्यक्षबाईंकडे पाहिलं, अध्यक्षबाई टाके मोजत होत्या.

"समितीनेच," शेवटी सचिव म्हणाले. एकच गलका झाला. मग कोणीतरी ओरडलं, "काकांना बोलू द्या! हे सगळं ज्यांनी सुरू केलं त्यांना बोलू द्या!"

काकांनी भाषण लिहून आणलं होतं. त्यात तीन परिच्छेद होते आणि प्रत्येक विरामचिन्ह जागच्या जागी होतं. काकूंनी त्यांच्या सदऱ्याची कॉलर नीट केली. काका पुढे गेले, माइक हातात घेतला आणि तो चुकून कर्ण्यासमोर आला.

माइक किंचाळला. उंच, बारीक, चिरत जाणारी किंकाळी. भरलेल्या दालनाने एकदम कान झाकले. कोणी डोळे मिटले, कोणी ओरडलं, "बंद करा! बंद करा ते!"

"हा!" काका ओरडले. भाषणाचा कागद हातातून पडला. "हाच! असाच आवाज! अगदी हाच!"

जाळेवाल्यांनी धावत येऊन माइकची तार उपटली. दालन शांत झालं. काका माइकशिवायच बोलू लागले. त्यांचा आवाज काही मोठा नव्हता, पण आता सगळे ऐकत होते.

"तुमचा बंद झाला," ते म्हणाले. "माझा होत नाही. तुम्ही कान झाकलेत, बरं वाटलं. मी झाकतो तर जास्त येतो, कारण तो आतून आहे. मला कोणाला हटवायचं नाही. वरच्या मजल्यावरच्या खुर्च्यांबद्दल माझी काही तक्रार नाही, उलट ओढा. माझी बायको कानाला कान लावून बसते, पण तिला काही ऐकू येत नाही, आणि मग तिलाच वाईट वाटतं. म्हणून म्हटलं, असा आणखी कोणी असेल तर त्याच्याशी बोलावं. एवढंच होतं. ते कंसात होतं."

बँकवाले आपल्या चपलांकडे बघत होते. मग मागच्या रांगेतून, शेवटच्या इमारतीत शिवणकाम करणाऱ्या बाईंनी शाळेतल्यासारखा हात वर केला.

"माझी शिट्टी नाही," त्या म्हणाल्या. "माझे रातकिडे. डाव्या बाजूला. मला वाटायचं, मशिनमुळे डोक्यात बसलंय. कोणाला सांगितलं नाही. वेडी म्हणतील."

"माझा समुद्र," भिंतीला टेकून उभा असलेला लिफ्ट दुरुस्त करणारा म्हणाला. "भरतीचा."

आणखी दोन हात वर झाले. मग उपटलेली तार हातात धरून उभे असलेले जाळेवाले, नेहमीइतकेच शांतपणे, म्हणाले, "माझा डायल टोन."

"काय?" सचिव दचकले.

"टेलिफोनचा डायल टोन. अखंड. निवृत्त झाल्यापासून. मला वाटायचं, जन्मभर तेच ऐकलं, राहिला असेल कानात." त्यांनी काकांकडे पाहिलं. "कंसातला शब्द मी वाचला नव्हता हो. कंस दिसला आणि पुढचं सोडून दिलं. यंत्राला उगाच दोष दिला."

लोक हसले, पण ते हसणं टिंगलीचं नव्हतं. काकांना हसूही येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं, आणि दोन्हींचं काय करायचं ते त्यांना कळत नव्हतं. काकू पुढे येऊन शिवणवाल्या बाईंचा हात धरून उभ्या राहिल्या होत्या.

तेवढ्यात अध्यक्षबाईंनी विणकाम पिशवीत ठेवलं. शाळेत घंटा होण्याआधी जशी शांतता पसरते तशी दालनात पसरली.

"ज्यांनी हात वर केले ते त्या खिडकीपाशी जाऊन बसा," त्या म्हणाल्या. हात वर केलेले निमूटपणे जाऊन बसले. बाईंनी त्यांच्याकडे बोट दाखवलं. "बघा. गट झाला. कोणी परवानगी दिली? कोणी नाही. गट माणसं करतात. आपण फक्त त्याला दार आणि पाटी द्यायची, आणि पाटी देताना निदान पूर्ण वाचायची. बाकीच्यांचा 'आवाज' पुन्हा चालू करा, खुर्च्यांचं काय ते तिथे भांडा, आणि तिथे प्रमुख म्हणून बँकवाल्यांना नेमा. त्यांना ठरवायची हौस आहे."

बँकवाले नको नको म्हणत होते. ठराव टाळ्यांनी मंजूर झाला.

'कर्णनाद' गट त्याच आठवड्यात निघाला. गाणारे कोणी आले नाहीत. शिवणवाल्या बाईंनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगितलं की निजताना खोली अगदी शांत ठेवायची नाही, पंखा किंवा रेडिओ अगदी हळू लावायचा, आणि रातकिड्यांशी भांडायचं नाही. भांडलं की ते चेकाळतात. डॉक्टरांच्या 'सवय करून घ्या'चं हे भाषांतर काकांना पहिल्यांदा समजलं. लिफ्टवाल्याला जिन्यात काका भेटले की तो विचारायचा, "कशी आहे?" आणि काका म्हणायचे, "आहे. तुमची भरती?" "आज ओहोटी." त्यात उपाय असा काही नव्हता. पण त्या महिन्यात काका एकदा सकाळी उशिरापर्यंत झोपले. काकूंनी त्यांना उठवलं नाही, कुकर लावायचाही राहू दिला आणि छापखान्यात फोन करून सांगितलं की आज ते उशिरा येतील, कारण ते झोपलेत. हे सांगताना त्यांचा आवाज आनंदाने कापत होता, त्यामुळे पलीकडच्या बाई घाबरल्या. शिट्टी गेली नाही. ती घरातल्या जुन्या भाडेकरूसारखी राहिली; पण पुस्तकातली अक्षरं पुन्हा जागेवर बसू लागली.

आणि मग काकांच्या मनात आलं की आभार मानले पाहिजेत. सगळ्यांचे मानून झाले होते. अध्यक्षबाईंचे, जाळेवाल्यांचे, अगदी बँकवाल्यांचेही, कारण त्यांनी गोंधळ घातला नसता तर सभा झाली नसती आणि ते हात वर झाले नसते. राहिले होते सचिव. विचार केला तर त्यांचेच जास्त होते. पहिल्याच अर्जाला हो म्हटलं असतं, तर 'कर्णनाद' हा शब्द कोणाला कळला नसता आणि काका एकटेच गटप्रमुख, एकटेच सभासद होऊन बसले असते.

रविवारी सकाळी काका त्यांच्याकडे गेले. सचिवांनी दार उघडलं, काकांना पाहिलं, आणि हात आपोआप खिशातल्या पेनाकडे गेला.

"बोला. तक्रार कोणाबद्दल?"

"तक्रार नाही. आभार मानायला आलो."

"आभार," सचिवांनी पेनाचं टोपण काढलं. "कोणाविरुद्ध?"

"कोणाविरुद्ध नाही हो. तुमचेच. तुम्ही एवढं सगळं बघता. टाकी, दिवे, आणि आमच्यासारख्यांचे अर्ज. त्या दिवशी तुम्हाला वाईट वाटलं, त्याचं मलाही वाईट वाटलं. मला आता झोप लागते. तुमचे आभार."

सचिवांनी पेनाला टोपण लावलं. मग त्यांनी सोफ्यावरच्या फायली, सगळ्याच्या सगळ्या, उचलून जमिनीवर ठेवल्या आणि काकांना बसायला जागा केली. स्वतः बसले नाहीत. आतल्या दाराशी जाऊन त्यांनी हाक मारली.

"अगं, हातातलं ठेव आणि जरा बाहेर ये."

हात पुसत त्यांची बायको बाहेर आली. "काय झालं? पाणी गेलं का?"

"नाही. ये, बस इथे." सचिव काकांकडे वळले. "हां. आता मघाचं ते परत एकदा म्हणा. सावकाश म्हणा. हिला ऐकू दे."